येऊरच्या पायवाटेवर बिबट्या आडवा आला, तेव्हा काय करायचं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. तुम्ही ठाण्यात राहता, सुट्टीच्या दिवशी पहाटे येऊरच्या जंगलात चालायला जाता. गेल्या रविवारी सहाच्या सुमारास तुम्ही दोघं नवराबायको, एक मित्र आणि तुमची आठ वर्षांची मुलगी असे जात असताना वीसेक पावलांवर बिबट्यानं वाट ओलांडली. मध्येच थांबून त्यानं तुमच्याकडे पाहिलं. मित्र मागे वळून पळत सुटला, तुम्ही मुलीला कवेत घ्यायला खाली बसलात, आणि तो झाडीत निघून गेला. आमचं काय चुकलं, पुन्हा जावं का, मुलीला न्यावं का, आणि सोसायटीतले लोक म्हणताहेत तसा पिंजऱ्यासाठी अर्ज द्यावा का, असं तुम्ही विचारलंय. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या दोन्ही अंगांनी, बोरिवलीकडून आणि येऊरकडून, मी गेली बावीस वर्षं लोकांना जंगल दाखवायला नेतो. त्या अनुभवावरून सांगतो.

मित्राचं पळणं चुकलं. तुमचं खाली बसणं त्याहून जास्त चुकलं. तुम्हाला दोष देत नाही, पोटच्या पोरीला कवेत घ्यायला कुणीही वाकेल. पण तोच क्षण बिबट्याच्या डोळ्यांनी बघा. चितळ, भेकर, वानर, डुकराची पिल्लं, ससे, आणि जंगलाच्या कडेला भटकी कुत्री हे त्याचं रोजचं खाणं. सगळं माणसाच्या कमरेखालच्या उंचीचं. दोन पायांवर ताठ उभा असलेला मोठा माणूस या मापात बसत नाही. तो वाकला, उकिडवा बसला, की बसतो. मुंबईच्या कडेला बिबट्यानं माणसं मारली त्यात लहान मुलं सर्वांत जास्त होती, आणि अंधारात उघड्यावर शौचाला बसलेली माणसं होती, ती याच कारणानं. पळण्याचं तर घरच्या मांजरीपुढे दोरा ओढून पाहा. स्थिर दोऱ्याकडे ती ढुंकून बघत नाही, हलला की झडप घालते. बिबट्याही मांजराच्याच कुळातला.

तेव्हा थांबायचं. तोंड त्याच्याकडेच ठेवायचं. मुलीचा दंड धरून तिला तुम्हा दोघांच्या मधे घ्यायचं. उचलायचीच असेल तर तिनं हात वर करायचे आणि तुम्ही ताठ राहूनच तिला ओढून वर घ्यायची. हे घरी चार-पाच वेळा करून पाहा, कारण ऐनवेळी शरीर सवयीचंच करतं. मग मोठ्या, ठाम आवाजात बोलायचं. किंचाळायचं नाही, कर्कश किंकाळीनं आपलीच माणसं बिथरतात. काठी असेल तर ती उंच धरायची. आणि पाठ न दाखवता एकेक पाऊल मागे यायचं. अगदी अंगावर आलाच तर मेल्याचं सोंग करू नका, हाताला येईल त्यानं मारा. सप्टेंबर २०२१ मध्ये आरे वसाहतीत घराच्या ओट्यावर बसलेल्या एका वयस्क बाईंवर बिबट्यानं मागून हल्ला केला. हातातल्या चालायच्या काठीनं त्यांनी त्याला हाकलला. सीसीटीव्हीमध्ये ते सगळं आलं आहे.

पण मागे कुठल्या बाजूला यायचं, हे या सगळ्याहून महत्त्वाचं आहे, आणि ते कुणी सांगत नाही. तो जिकडे निघाला होता ती बाजू मोकळी सोडायची. जनावर जंगलात तुमच्यासाठी आलेलं नसतं, ते कुठून तरी कुठे तरी चाललेलं असतं. त्याची वाट उघडी राहिली की ते जातं. बंद झाली की ते आपल्याला वाट मानतं. इतक्या वर्षांत मी जे जे बिघडलेले प्रसंग पाहिले किंवा ऐकले, त्यातल्या बहुतेकांच्या मुळाशी अडलेली वाट होती.

मला हे एका एप्रिलमध्ये उद्यानातल्या शिलोंड्याच्या ओढ्यात कळलं. मी तेव्हा नवखा नव्हतो, म्हणून ते जास्त लागलं. ओढा आटलेला, कातळात दोन-तीन डोह राहिलेले, दोन्ही बाजूंना छातीएवढा काठ. अकरा जणांचा गट होता. पाच जण पुढे निघून गेले, बाकीचे माझ्याबरोबर मागे, मधे पंचवीस-तीस पावलांचं अंतर पडलं. गटाची अशी फाटाफूट होऊ द्यायची नसते, ती मी होऊ दिली होती. वळणावर आलो आणि सतरंजी फरशीवरून ओढावी तसा एक दबका, खरखरीत आवाज आला. डोहाच्या पलीकडे करवंदीच्या जाळीखाली बिबट्या पोट टेकून बसला होता. हनुवटीचे केस ओले होते, पाण्याचा एक थेंब तिथून खाली पडला तो मी पाहिला. कान मागे डोक्याला चिकटलेले. शेपूट सबंध जमिनीवर, फक्त टोक इकडून तिकडे हलतंय.

माझ्यासोबत पाड्यावरचे एक वारली मामा होते. ते हळूच म्हणाले, "दोन्ही अंगांनी बसलाव त्याची वाट धरून." तेव्हा ध्यानात आलं. वर पाच माणसं, खाली सहा, बाजूला कातळाचे काठ, आणि हा मधे. मामांनी तोंडानं आवाज न करता हात उंच करून वरच्या पाचांना डावा काठ चढून जायची खूण केली. ते चढले. शेवटच्या माणसाचा पाय काठावर गेला आणि बिबट्या उठला. झेप नाही, धावणं नाही. ओढ्याच्या मधोमध, दगडावरून दगडावर पाय ठेवत तो वर गेला आणि वळणाआड दिसेनासा झाला. मिनिटभरानं वरच्या अंगाला वानर खकारलं, मग आणखी वर दुसरं. तो कुठवर पोचला ते वानरांनीच आम्हाला सांगितलं.

त्या वानरांबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण तुम्ही पुन्हा जाणार असाल तर हे शिकून जा. बिबट्या समोर आल्यावर काय करायचं ही शेवटची गोष्ट. तो जवळपास आहे हे जंगल बरंच आधी सांगत असतं. वानर एरवी 'हूप' करतं ते वेगळं. शिकारी दिसल्यावरचं त्याचं ओरडणं तुटक, घशातून खाकरल्यासारखं असतं, आणि ते एकाच दिशेकडे बघत ओरडतं. भेकर मोठ्या कुत्र्यासारखं भुंकतं, थांबून थांबून, कधी दहा मिनिटं. चितळाची शिट्टीसारखी तीक्ष्ण हाक, सांबराचा 'ढांक'. यातलं काहीही लागोपाठ ऐकू आलं तर आहात तिथे थांबा, आवाज सरकतोय का ते ऐका, आणि तो ज्या बाजूला सरकतोय तिकडे जाऊ नका. सातभाई पक्ष्यांचा झुडपाभोवती कलकलाट चालला असेल तर तिथे बहुधा साप किंवा मुंगूस असतं. हे ऐकायला कान मोकळे हवेत. जंगलात कानात इअरफोन घालून चालणारी माणसं मला रोज दिसतात आणि रोज त्यांना थांबवून मी ते काढायला लावतो. खिशातला स्पीकर तर नकोच.

खाली बघायचीही सवय लावा. पावसाळ्यानंतर वाटेवरच्या मऊ मातीत ठसे छान उमटतात. बिबट्याचा ठसा गोलसर, चार बोटं, मागे मोठी गादी, आणि नखं उमटत नाहीत, कारण चालताना ती तो आत ओढून घेतो. कुत्र्याच्या ठशाला पुढे नखांचे टोचे दिसतात. मी सहाच्या वाटेवर सातला जातो तेव्हा माणसांच्या बुटांच्या ठशांवर बिबट्याचे, आणि बिबट्याच्या ठशांवर पुन्हा बुटांचे, असं कितीदा तरी पाहिलं आहे. वाट एकच, वेळा वेगळ्या. आपण त्याच्या वेळेत शिरलो की गाठ पडते.

आणि तुमची खरी चूक तिथेच झाली. थंडीत आपल्याकडे सूर्य सातच्या आसपास उगवतो. सहाला तुम्ही अंधारात होतात, ती त्याच्या घरी परतण्याची वेळ. उजाडल्यावर, झाडाच्या सावल्या जमिनीवर दिसायला लागल्या की आत जा, आणि संध्याकाळी ऊन झाडांच्या शेंड्यावर गेलं की बाहेर पडा. ठरलेल्या पायवाटा आणि वनविभागाची परवानगी सोडून कुठे शिरू नका. घरचा कुत्रा बरोबर नेऊ नका. राष्ट्रीय उद्यानात पाळीव जनावर न्यायला बंदीच आहे, आणि कुत्रं म्हणजे बिबट्याला दिलेलं आमंत्रण. तो कुत्र्यासाठी येतो, कुत्रा घाबरून मालकाच्या पायांत शिरतो, आणि मग जे होतं ते मालकाच्या पायाशी होतं.

पिल्लू दिसलं तर? मांजरीच्या पिलाएवढं, निळसर डोळ्यांचं, एकटंच. फोटो नको, उचलणं तर अजिबात नको. आई पन्नास पावलांवर असू शकते आणि तुम्ही तिच्या आणि पिलाच्या मधे उभे आहात. आल्या वाटेनं मागे फिरा आणि बाहेर येऊन वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. जुन्नरकडे ऊसतोडीत सापडलेली पिल्लं वनविभागाची माणसं सापडली त्याच जागी संध्याकाळी ठेवतात आणि रात्री आई येऊन घेऊन जाते. हे आता तिथल्या शेतकऱ्यांनाही सवयीचं झालं आहे.

खरं सांगायचं तर बिबट्यापेक्षा मला आग्या मोहोळाची आणि सापाची काळजी जास्त वाटते. दिवाळीनंतर कड्यांच्या कपारींत, उंच झाडांच्या आडव्या फांद्यांखाली आग्या मोहोळं लागतात. त्यांना तीव्र अत्तर, धूर आणि दगड, तिन्ही सहन होत नाहीत. इथे नियम बिबट्याच्या बरोबर उलटा. माश्या उठल्या की थांबू नका, तोंड आणि डोकं कापडानं झाका आणि सरळ रेषेत पळा, दाट झुडपांतून, जमेल तितकं लांब. हात झाडू नका. पाण्यात उडी मारू नका, डोकं वर येण्याची त्या वाट बघत राहतात. डंख मारल्या जागी नांगी राहते आणि तिच्या वासानं आणखी माश्या येतात, म्हणून लांब पोचलात की पहिल्यांदा नांग्या नखानं खरवडून काढा. खूप डंख झाले असतील, किंवा एकाच डंखानं ओठ, घसा सुजायला लागला, दम लागला, तर थेट रुग्णालय.

सापाचं बघताना पायाखाली बघा, दगडावर बसण्याआधी त्याची पलीकडची बाजू बघा, फांदी धरण्याआधी फांदी बघा. पावसाळ्यात कारवीच्या हिरव्या पानांत हिरवा चापडा गुंडाळून बसलेला असतो आणि पान समजून लोक तिथे हात घालतात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे आपले चार मुख्य विषारी. घोणस कुकरच्या शिट्टीसारखी फुत्कारते, फुरसं अंगाचे खवले एकमेकांवर घासून करवतीसारखा आवाज करतं. दोघं तुम्हाला 'पुढे येऊ नको' असं सांगत असतात, तेव्हा मागे सरका आणि त्याला जाऊ द्या. चावलाच तर दोरी आवळून बांधणं, चिरा देणं, चोखणं, यातलं काही करायचं नाही. अंगठी, घड्याळ, पैंजण काढा. चावलेला हात किंवा पाय मोडलेल्या हाडाला बांधतात तसा फळीला धरून स्थिर करा. माणसाला चालवू नका, उचलून न्या, आणि चावल्याची वेळ लिहून ठेवा. प्रतिविषाची लस मोठ्या सरकारी, पालिकेच्या रुग्णालयांत मिळते आणि ती या चौघांवर चालते. चापड्यावर चालत नाही. त्याचा दंश फार दुखतो आणि सुजतो, जीव मात्र क्वचितच जातो, तरी दवाखाना टाळू नका. मण्यार रात्री फिरते, तिचा चावा दुखत नाही, खूणही कधी कधी दिसत नाही. रानात मुक्काम केलेल्या कुणाच्या पापण्या सकाळी जड होऊन मिटायला लागल्या, पोटात कळ आली, तर झोप झाली नाही म्हणून सोडून देऊ नका.

माकडांचं थोडक्यात. खाऊ दाखवू नका, प्लॅस्टिकची पिशवी हातात लटकवू नका, डोळ्यांत डोळे घालून दात दाखवत हसू नका. ओरखडा जरी निघाला तरी साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी डॉक्टरकडे जा. पिल्लांसह रानडुक्कर दिसली तर झाडाआड व्हा.

आता पिंजरा. हा अर्ज देऊ नका, मनापासून विनंती करतो. रस्ता ओलांडताना दिसणं हा बिबट्याचा गुन्हा नाही. तो राष्ट्रीय उद्यानात होता, अंधारात होता, तुम्हाला बघून निघून गेला. वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्याला पहिल्या अनुसूचीत ठेवलं आहे, नुसता दिसला म्हणून त्याला धरता येत नाही. पण कायदा बाजूला ठेवा, पिंजरा तुमच्याच मुलीसाठी वाईट आहे. २००१ नंतर जुन्नर भागात बरेच बिबटे धरून लांबच्या जंगलांत सोडले गेले. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांनी त्याचा अभ्यास केला आणि दिसलं असं की जिथे सोडले तिथे माणसांवरचे हल्ले वाढले. अनोळखी जागा, आधीच तिथे असलेले बिबटे, पिंजऱ्यातला ताण, आणि घराकडे परतायची ओढ. त्याच काळात बोरिवलीच्या जंगलाभोवतीही हल्ले झाले. २००४ चा जून महिना इथल्या जुन्या वनमजुरांना अजून आठवतो. आणि रिकामी झालेली जागा रिकामी राहत नाही. तुमची वाट ओळखणारा, माणसाला बघून बाजूला होणारा बिबट्या जातो आणि त्याच्या जागी कुठला तरी कोवळा, बिथरलेला नर येतो.

२००९ मध्ये विहिरीत पडलेला एक वयस्क नर माळशेज घाटात गळ्यात रेडिओ कॉलर घालून सोडला होता. अभ्यासकांनी त्याला 'आजोबा' म्हटलं. तो महिनाभरात सव्वाशे किलोमीटरच्या आसपास चालला. वाटेत हमरस्ता, कसाऱ्याजवळची रेल्वे, शेवटी खाडी, आणि आपल्या उद्यानाचाच भाग असलेल्या नागलाच्या जंगलात येऊन पोचला. हा इथलाच असावा असं बघणाऱ्यांना वाटलं. एवढ्या गावांतून जाताना त्यानं एकाही माणसाला ओरखडा काढला नाही. दोन वर्षांनी तो मेला, घोडबंदरकडच्या हमरस्त्यावर, गाडीखाली.

माणसांच्या गर्दीनं वाट बंद झाली की काय होतं ते पुणेकरांनी ९ डिसेंबर २०२० ला कोथरूडमध्ये पाहिलं. सोसायटीत शिरलेल्या गव्याला जायला कुठून जागाच राहिली नाही. पुढे माणसं, मागे माणसं, गच्चीवर मोबाइल. तासन्‌तास तो धावला, भिंतींवर आदळला, भूल देऊन पकडला तोवर त्याच्यात काही उरलं नव्हतं. तुमच्या सोसायटीच्या भिंतीशी उद्या बिबट्या आला तर अर्जापेक्षा हे करा. लोकांना घरात थांबवा, गेट उघडं ठेवा, दिवे जंगलाच्या बाजूचे बंद आणि इमारतीच्या बाजूचे चालू करा, १९२६ ला फोन करा. बहुतेक वेळा उजाडायच्या आत तो गेलेला असतो. आणि तो येऊच नये असं वाटत असेल तर कचऱ्याची कुंडी झाका. कचऱ्यावर कुत्री आणि डुकरं, त्यांच्यावर तो. २०११ मध्ये सुनील लिमये उद्यानाचे प्रमुख असताना वनविभागानं मुंबईकरांना बरोबर घेऊन हीच गोष्ट वस्त्यावस्त्यांत जाऊन सांगायला सुरुवात केली. पिंजऱ्यांपेक्षा तिचा उपयोग झाला, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

मुलीला न्या. नक्की न्या. २०१८ च्या मोजणीत उद्यान आणि लगतच्या भागात ४७ बिबटे कॅमेऱ्यात आले होते, आणि त्याच वाटांवरून हजारो माणसं रोज चालतात. फक्त तिला पुढे धावू देऊ नका आणि शेवटीही ठेवू नका, कायम मधे. सात वाजता निघा. वाटेच्या सुरुवातीला, पाड्याच्या कडेला, एखादा शेंदूर लावलेला वाघोबा दिसेल, लाकडाचा किंवा दगडाचा. वाघबारसेला तिथे नारळ फुटतो. तिथे थांबून तिला विचारा, त्या रविवारी तो कुठून आला होता आणि कुठे चालला होता. मुलांच्या हे नीट लक्षात असतं. तिनं दाखवलेली बाजू बघा, तिथे झाडीत दबलेली एक अरुंद वाट सापडेल, गवत एकाच दिशेला झुकलेलं. ती कुठे जाते ते बघायला आत शिरू नका. बहुधा ती पाण्याकडे जाते.